भूत, भूक आणि भाषा

मराठीत ‘भूत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक भूत पिंपळावर बसते, दुसरे व्याकरणाच्या पुस्तकात काळ होऊन बसते. उर्दूत ही सोय नाही. तिथे भूत वेगळे आणि माज़ी वेगळा. (हाच माज़ी मराठीत आला आणि ‘माजी आमदार’ झाला, ही गोष्ट निराळी.) उर्दू शाळेत इतिहास शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना मराठीच्या या दुहेरी शब्दाचा हेवा वाटतो. मेलेली माणसे अजून आपल्यात वावरत आहेत, त्यांचे हिशेब मिटलेले नाहीत, ही इतिहासाची पहिली गोष्ट मुलांना सांगायला वर्गात तासभर लागतो. मराठीत ती एका शब्दात बसली आहे.

एका बंगाली विनोदी चित्रपटात ती साडेसहा मिनिटांच्या नाचात बसली आहे. सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा चित्रपट ८ मे १९६९ रोजी कलकत्त्यात लागला. ‘मुलांचा सिनेमा’ म्हणून त्याची बोळवण करण्याची रीत आहे. राय यांचे नाव निघाले की आपल्याकडे ‘पथेर पांचाली’वर बोलणे सुरू होते आणि ‘चारुलता’वर संपते. गुपी-बाघा मधल्या मध्ये राहून जातात. आम्हाला मात्र वाटते की त्या दहा-पंधरा वर्षांचा आपल्या उपखंडाचा इतिहास या भुताटकीच्या गोष्टीत जितका आहे, तितका अनेक गंभीर चित्रपटांत नाही.

मूळ गोष्ट राय यांच्या आजोबांची. उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मैमनसिंह जिल्ह्यातले. लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि छपाईतले जाणकार. चित्रांचे हाफटोन ब्लॉक बनवण्याच्या तंत्रावर त्यांनी कलकत्त्यात बसून केलेले काम विलायतेतही वाखाणले गेले. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ नावाचे मासिक काढले. बंगालीत संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे मिठाईसुद्धा. आमच्या पिढीच्या उर्दू घरांत ‘खिलौना’ मासिकाचे जे स्थान होते, ते बंगाली घरांत ‘संदेश’चे. गुपी-बाघाची गोष्ट १९१५ साली याच मासिकात आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उपेंद्रकिशोर गेले. पुढे १९२३ साली त्यांचा मुलगा सुकुमार राय गेला. सत्यजित तेव्हा दोन वर्षांचा होता. छापखाना बुडाला, ‘संदेश’ बंद पडले. १९६१ साली सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या सोबतीने ते पुन्हा सुरू केले. ‘बाबा, तुम्ही मोठ्यांचेच सिनेमे का काढता?’ अशी धाकट्या संदीपची कुरकुर घरात होतीच. अशा रीतीने आजोबांची गोष्ट नातवाच्या हाती आणि पणतूच्या हट्टाला आली.

गोष्ट साधी आहे. गुपीला गाण्याचे वेड, पण गळा असा की राजा त्याला गाढवावर बसवून गावाबाहेर काढतो. बाघाला ढोल वाजवण्याचे वेड, त्याचीही तीच गत. दोघे रानात भेटतात. रात्री भुते येतात, नाचतात, आणि भुतांचा राजा या दोघांवर खूश होऊन तीन वर देतो. टाळीला टाळी दिली की हवे ते खायला आणि ल्यायला मिळेल. जादूची पादत्राणे घालून हवे तिथे जाता येईल. आणि त्यांचे गाणे-वाजवणे ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील. आमच्या दास्तानींतल्या अमर अय्यारची ज़ंबील ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वर ओळखीचे वाटतील. फरक एवढाच की अमर अय्यार वस्ताद आहे आणि हे दोघे साधेभोळे खेडूत आहेत. भुताने वर देताना त्यांची लायकी पाहिली नाही, त्यांची हौस पाहिली.

आता हा चित्रपट काढायला पैसा कोण देणार? १९६७ साली राय यांचे नाव जगभर झालेले होते, तरी या प्रश्नाला उत्तर नव्हते. ‘महानगर’पासून ‘नायक’पर्यंतचे त्यांचे चित्रपट ज्यांनी काढले ते आर. डी. बन्सल यांनी खर्चाचा अंदाज पाहून अंग काढून घेतले. राजवाडे, फौज, उंट, भुते, गाणी आणि त्यात एकही नामांकित नट नाही. राय मुंबईकडे वळले. राज कपूर पैसा लावायला तयार होते, पण कपूर घराण्यातल्या नटांना, म्हणजे पृथ्वीराज आणि शशी कपूर यांना घेण्याची अट होती. राय यांनी ती मानली नाही. मुंबईचा यात दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही, पैसा लावणाऱ्याला चेहरा विकायचा असतो. पण गाढवावरून धिंड निघालेल्या गुपीच्या जागी शशी कपूरचा देखणा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहा, म्हणजे राय का अडून बसले ते कळेल. याच कारणासाठी त्यांनी आपल्या लाडक्या सौमित्र चटर्जींनाही नकार दिला. सौमित्रना गुपी व्हायचे होते, आणि राय यांना त्यांच्या चेहऱ्यात खेडूत दिसत नव्हता. शेवटी तपेन चटर्जी नावाचा जवळजवळ अनोळखी तरुण गुपी झाला. बाघा झाले रबी घोष, उत्पल दत्त यांच्या नाट्यसंस्थेत तयार झालेले नट.

याच काळात हॉलीवूडच्या कोलंबिया कंपनीसाठी राय ‘द एलियन’ नावाचा चित्रपट करणार होते. बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचा पाहुणा उतरतो, अशी ती कथा. पटकथेच्या मालकीत मध्यस्थाने आपले नाव घुसवले, बोलणी लांबली आणि तो प्रकल्प हवेत विरला. म्हणजे अमेरिकेचा पैसा नाही, मुंबईचा नाही, नेहमीच्या निर्मात्याचाही नाही. अखेर कलकत्त्याच्याच नेपाल दत्त आणि असीम दत्त यांच्या पूर्णिमा पिक्चर्सने हा भार उचलला, तोही हात आखडता घेऊन. राय यांना सगळा चित्रपट रंगीत हवा होता. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झालेले, परदेशातून येणारी प्रत्येक वस्तू महागलेली, त्यात रंगीत फिल्म. मग सारा चित्रपट कृष्णधवल झाला आणि फक्त अगदी शेवटचा प्रसंग रंगीत. अनेकांना ही दिग्दर्शकाची हुशारी वाटते. ती खरे तर रिकाम्या खिशाची करामत आहे.

चित्रीकरणाच्या हकिगती राय यांनी पुढे मुलांसाठी लिहून ठेवल्या. रानात गुपी-बाघाला वाघ दिसतो, त्या प्रसंगासाठी सर्कशीतला वाघ बीरभूमच्या बांबूच्या बनात आणला. वाघ पिंजऱ्यातून सुटताच असा काही उसळला की बघ्यांची पांगापांग झाली. एवढे करून घेतलेली दृश्ये निकामी निघाली, कॅमेऱ्याने दगा दिला होता. पुन्हा वाघ आणला, या वेळी कलकत्त्याजवळच्या बोडाल गावात. हे तेच गाव जिथे ‘पथेर पांचाली’ झाला होता. बर्फासाठी मंडळी सिमल्याजवळ कुफ्रीला गेली, वाळूसाठी जैसलमेरला. तिथे शेकडो उंट आणि उंटवाले जमवून हल्ला राज्याची फौज उभी केली. जैसलमेरचा किल्ला राय यांच्या मनात असा बसला की पुढे १९७४ साली ‘सोनार केल्ला’ घेऊन ते पुन्हा तिथे गेले. टाळी वाजली की माणसे अदृश्य होतात, ती किमया कॅमेरा थांबवण्याची आणि कात्रीची. बन्सी चंद्रगुप्त या सियालकोटात जन्मलेल्या कलादिग्दर्शकाने स्टुडिओत राजवाडे उभे केले आणि वेशभूषा राय यांनी स्वतः काढली.

पण खरा प्रश्न भुतांचा होता. भूत दिसते कसे? आपल्याकडच्याप्रमाणेच बंगाली आजीबाईंच्या गोष्टींतही भुताचे कान सुपाएवढे आणि दात मुळ्यासारखे असतात. ऐकायला ठीक आहे, पडद्यावर उभे केले की हसू येते, भीती वाटत नाही. राय यांनी मग वेगळा विचार केला. भूत म्हणजे मेलेला माणूस. तर बंगालच्या मातीत कोण कोण मेले? राजे मेले, शेतकरी मेले, साहेब मेले, आणि खाऊन-पिऊन लठ्ठ झालेले शेठ-सावकार मेले. म्हणजे भुतांचे चार वर्ग झाले.

इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. भुतांची वर्गवारी काही राय यांनी प्रथम केली नाही. ती लोकांनी केव्हाच करून ठेवली आहे आणि ती जातधर्मावर आहे. बंगालमध्ये ब्राह्मणाचे भूत ते ब्रह्मदैत्य आणि मुसलमानाचे भूत ते मामदो. ‘महंमदी’ या शब्दावरून ‘मामदो’ झाले म्हणतात. महाराष्ट्रातही तेच आहे. ब्राह्मणाचा समंध होतो, मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्याचा मुंजा होतो, आणि मुसलमान मेला तर त्याचा खवीस, अरबी ‘खबीस’वरून. म्हणजे मेल्यावरही माणसाची दाखल्यावरची नोंद सुटत नाही. कोकणातल्या वा बंगालमधल्या म्हातारीने हे वाईट हेतूने केले असे नव्हे. जिवंतपणी जी गावठाणाची आखणी होती तीच तिने पिंपळावर नेली. राय यांनी ही आखणी मोडली. त्यांच्या नाचातल्या भुतांना कोणत्या देवाला भजत होता असे कोणी विचारत नाही. ते राज्य करत होते, शेत कसत होते, हुकूम सोडत होते की तिजोरी भरत होते, एवढेच पाहिले जाते.

या नाचाला सूर नाही, फक्त ताल आहे. राय यांनी त्यासाठी दक्षिणेकडचा तालवाद्य कचेरीचा प्रकार घेतला आणि चार वर्गांना चार वाद्ये वाटून दिली. राजांना मृदंगम, कारण ते अभिजात वाद्य. शेतकऱ्यांना कंजिरा, लोकवाद्याच्या जवळचे. साहेबांना घटम, कडक आणि कोरडा. आणि लठ्ठांना मोरसिंग, ज्याचा आवाज ऐकूनच पोट हलल्यासारखे वाटते. साहेबांची दृश्ये कमी गतीने चित्रित केली, त्यामुळे पडद्यावर ते यंत्रासारखे टकाटक चालतात. शंभुनाथ भट्टाचार्य यांनी नाच बसवला. आधी प्रत्येक वर्ग आपापला नाचतो, मग आपसांत भांडतो, मारतो, मरतो. राजा राजाला मारतो, साहेब साहेबाला. (मेलेल्यांनी पुन्हा मरावे हा विनोद मुलांना फार आवडतो.) शेवटी चारही वर्ग एकावर एक अशा चार ओळींत दिसतात, चारमजली घरासारखे, आणि चारही वाद्ये एकदम वाजतात.

या दृश्यात रंग असता तर राजांचे जरतारी अंगरखे आणि साहेबांचे लाल कोट यांच्यातच नजर अडकली असती. कृष्णधवल चित्रात त्यांची झगमगती, थरथरती रूपे तेवढी उरतात. राय यांना पैसा मिळाला नाही याचे या एका ठिकाणी आम्हाला वाईट वाटत नाही.

मग दिसतो भुतांचा राजा. चेहऱ्याभोवती तारे चमकतात आणि बोलणे यमकात. तो आवाज खुद्द राय यांचा, ध्वनिमुद्रणाची गती बदलून केलेला. आजोबांच्या गोष्टीतले भूत नातवाच्या आवाजात बोलते, एवढे सांगितले तरी पुरे.

गोष्टीचा उत्तरार्ध युद्धाचा आहे आणि मुळातल्या छोट्या गोष्टीत राय यांनी सर्वांत जास्त भर घातली ती इथे. शुंडी आणि हल्ला ही दोन राज्ये आहेत. शुंडीचे लोक मुके झालेले आहेत. हल्लाचा राजा मुळात भला माणूस, पण त्याचा मंत्री जादूगाराकडून औषध घेऊन ते राजाला पाजत असतो, की राजा लगेच युद्ध युद्ध म्हणून ओरडू लागतो. अंमल उतरला की तोच राजा लहान मुलासारखा निष्पाप होतो. तो जादूगार म्हणजे हरींद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ. आपल्या वाचकांना ते ‘बावर्ची’मधले म्हातारबाबा म्हणून आठवतील. आणि हे दोन राजे दुरावलेले सख्खे भाऊ आहेत. संतोष दत्त यांनी दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे एकच चेहरा सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे.

हल्लाचा मंत्री खात असतो आणि फौज उपाशी असते. गुपी-बाघा कैदेत पडतात तेव्हा टाळी वाजवून पंचपक्वान्ने मागवतात आणि पहारेकऱ्यासमोर बसून जेवतात. भुकेला पहारेकरी ताटाकडे पाहत राहतो आणि अखेर दार उघडतो. ना मारामारी, ना किल्ली चोरणे. चित्रपटातले हे आमचे सर्वांत आवडते दृश्य. पुढे फौज युद्धाला निघते तेव्हा हे दोघे गाण्यातून सैनिकांना विचारतात की बाबांनो, लढून तुम्हाला काय मिळणार? मग आकाशातून मिठाईची मडकी उतरतात. सैनिक भाले टाकून त्यांवर धावतात. उपाशी सैन्याचे युद्ध तिथेच संपते. आजोबांच्या ‘संदेश’मधला दुसरा अर्थ नातवाने असा आकाशातून पाडला.

कलकत्त्याच्या प्रेक्षकाला हे परीकथेतले वाटले असेल का? १९६५ च्या युद्धाला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याआधी १९६२ होते. १९६६ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमध्ये अन्नधान्य आणि रॉकेलसाठी आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात स्वरूपनगर इथे नुरुल इस्लाम नावाचा शाळकरी मुलगा मारला गेला. १९६७ साली नक्षलबाडी झाली. बाहेर तांदळासाठी रांगा आणि आत पडद्यावर टाळीसरशी येणारी ताटे. मुले हसत होती. मोठे काय करत होते ते आम्ही सांगू शकत नाही, पण चित्रपट जवळजवळ वर्षभर हटला नाही. शहरातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी ही गाणी आहेत, असे राय यांनी आपल्या चरित्रकार मारी सेटन यांना पत्रातून कळवले. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. बर्लिनच्या महोत्सवातही तो गेला, पण युरोपला तो फारसा भावला नाही. मिठाईसाठी युद्ध सोडणारे सैनिक ज्यांना कळायचे, त्यांना थोडी भूक ठाऊक असावी लागते.

भाषेबद्दल एक गोष्ट राहिली. शुंडीच्या दरबारात परदेशी राजापुढे गुपी-बाघा उभे राहतात, आणि पहिला शब्द येतो तो सलाम. आपण बंगालमधून आलो, आपल्या भाषेवाचून आपल्याला दुसरी येत नाही, पण सुरांची भाषा सर्वांना कळते, असे ते गाण्यातून सांगतात. इथे गीतात आपल्या मुलखासाठी शब्द आहे ‘बांगलादेश’. १९६९ साली त्या नावाचा देश नव्हता. सगळ्या बंगालला मिळून तसे म्हणण्याची रीत होती. प्रत्यक्षात बंगालचे दोन तुकडे झालेले होते आणि १९६५ च्या युद्धापासून पाकिस्तानात भारतीय चित्रपटांवर बंदी होती. ज्या मैमनसिंहच्या मातीतून उपेंद्रकिशोर आले, तिथल्या चित्रपटगृहात त्यांच्या गुपी-बाघाला शिरता येत नव्हते. पडद्यावर दोन भाऊ गळ्यात पडत होते आणि चित्रपटाच्या पेट्यांना मात्र सरहद्द ओलांडण्याची मुभा नव्हती.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. या ठिकाणी आम्हाला आणखी एक काटा टोचतो. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या उर्दूच्या नावाने. एका प्रांतावर एक भाषा लादायची म्हणून. त्यात मीर-ग़ालिबच्या जबानीचा गुन्हा काय, असे आम्ही तावातावाने म्हणू शकतो, आणि म्हणतोही. भाषा गोळी झाडत नाही, मंत्री झाडतो. पण ज्या आईचा मुलगा गेला तिला हा फरक समजावून सांगायला आम्ही कोणत्या तोंडाने जावे? ज्या भाषेची आम्ही आज महाराष्ट्रात पटसंख्येच्या आकड्यांनिशी काळजी वाहतो, तिच्याच नावाने दुसऱ्या कुणाला मुके करण्याचा प्रयत्न झाला होता. शुंडीचे मुके लोक पाहताना हे आठवल्यावाचून राहत नाही. त्यांना शेवटी वाचा परत मिळते. भुतांच्या चारमजली नाचात आणखी एक मजला घालायचा झाला, तर ढाक्याच्या त्या पोरांचा घालावा लागेल, आणि त्यांचे वाद्य कोणते ते आम्हाला अजून सुचलेले नाही.

‘बांगलादेश’ नावाचा देश १९७१ च्या डिसेंबरात मोकळा झाला. दोन महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १९७२ रोजी, ढाक्याच्या पल्टन मैदानावर भाषा-हुतात्म्यांच्या दिवशी एक पाहुणा बोलायला उभा राहिला. तो होता सत्यजित राय. समोर अफाट गर्दी होती, आणि तो बंगालीत बोलला.